बरी आहे आणि बरी झाले

बायका डॉक्टरला सांगत नाहीत ते ब्लाऊज शिवणारीला सांगतात. मी धाराशिवात, चर्चच्या मागच्या गल्लीत, घराच्या पुढच्या खोलीत मशीन टाकून बसते. टेप घेऊन समोर उभी राहिले की बाई आपोआप बोलायला लागते. "ताई, पाठ झाकंल आसा शिवा, सासरा लई करडा हाय." "ताई, पुढून जरा ढिला ठिवा." कुणाच्या पाठीवर वळ आहे आणि कुणाला दिवस गेलेत हे त्यांच्या नवऱ्याआधी मला कळतं. म्हणून वाटलं, गाठीची गोष्ट मीच लिहावी. विषय ब्लाऊजच्या आतला आहे आणि आमच्याकडं त्यावर कुणी तोंड उघडत नाही.

माझं नाव रूथ. गिऱ्हाइकं रुतताई म्हणतात. आमचे मालक म्हणतात, नाव बरोबर पडलंय, काट्यासारखी रुततेस. ते खरं आहे. आजारपणात माणूस मऊ होतो म्हणतात, माझ्या बाबतीत तसं काही झालं नाही. तेव्हा इथं कुणी संतिणीचं चरित्र शोधू नये. मला कॅन्सर झाला, मी घाबरले, चिडले, प्रार्थना केली, औषध घेतलं. एवढंच सांगायचं आहे, आणि मधे एका शब्दानं केवढा घोटाळा केला तेही.

माप

पुतण्याच्या लग्नासाठी स्वतःचा ब्लाऊज शिवला. डावीकडं तो ओढत होता. मला वाटलं माप चुकलं, आणि माप चुकलं याचाच मला जास्त राग आला. शिवण उसवली, पुन्हा घातली, पुन्हा ओढला. तेव्हा कुठं हात लावून पाहिला. काखेच्या खाली, हरभऱ्यापेक्षा मोठी, हलत नसलेली गाठ. दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे साधी असणार, असं मी स्वतःला सांगितलं. हे असं सांगू नका. जी दुखत नाही तीच आधी दाखवा, माझं एवढं ऐका.

सोलापूरच्या दवाखान्यात गाठीचा तुकडा काढून तपासायला दिला. रिपोर्ट आला त्या दिवशी मालक बरोबर होते. शमुवेल त्यांचं नाव. मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे त्यांचं, शेतातल्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करतात. डॉक्टरीण माझ्या मुलीच्या वयाची वाटावी एवढी लहान. ती म्हणाली, "गाठ चांगली नाही. पण उपचार आहेत." मग ती पुष्कळ बोलली. मला तिच्या टेबलावरची पाण्याची बाटली तेवढी दिसत होती.

मालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी बाई, जळालंय का नुसतं गरम झालंय?"

डॉक्टरणीला काही कळेना. मला कळलं. मी म्हणाले, "मोटारीचं विचारतायत ते. जळाली की सगळी तार बदलावी लागते." तेव्हा ती हसली नाही, विचार करून म्हणाली, "गरम झालंय म्हणा. वेळेत आणलंत." त्या एका वाक्यावर आम्ही स्टँडपर्यंत चालत आलो. स्टँडवर भजी घेतली. मालकांनी आपली भजी एकेक करून माझ्या कागदावर सरकवली आणि स्वतः नुसता चहा प्याले. लग्न झाल्यापासून त्यांनी मला कधी भजी दिली नव्हती, उलट माझीच उचलतात. मला तेव्हा खरी भीती वाटली.

गिऱ्हाईक

मी जन्मानं ख्रिस्ती. आजोबांच्या आधीपासून आमचं घराणं चर्चच्या मंडळीत आहे. गुडघे टेकायला मला कुणी शिकवावं लागत नाही. पण त्या संध्याकाळी टेकले आणि तोंडातून शब्द निघेना. पाठ असलेल्या सगळ्या प्रार्थना दुसऱ्या कुणासाठी शिवलेल्या वाटत होत्या, माझ्या अंगाला बसत नव्हत्या. शेवटी मी म्हणाले, "प्रभू, एवढ्या मोठ्या जिल्ह्यात तुला दुसरं गिऱ्हाईक मिळालं नाही का?"

ही माझी आजारपणातली पहिली प्रार्थना. लाज वाटते, पण आहे ती आहे. उत्तर आलं नाही. तरी बोलणं सुरू झालं, आणि ज्याच्याशी भांडता येतं तो ऐकत असतो एवढं मला माझ्या संसारावरून ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा भांडले. हळूहळू भांडण कमी झालं आणि नुसतं शेजारी बसणं राहिलं. आता कुणी मला विचारलं, विश्वासानं तुला काय दिलं, तर मी हेच सांगेन की बसायला सोबत दिली. गाठ गेली ती सुरीनं आणि औषधानं. ती सुरी धरणारा हातही त्यानंच दिला असं मी मानते, ते वेगळं.

मालकांचं उलट झालं. त्यांनी रविवारी चर्चला येणं सोडलं. मी विचारलं तर म्हणाले, "म्या सध्या त्येच्याशी बोलत न्हाय."

"बरं," मी म्हणाले, "काही निरोप असंल तर सांगा, मी जातेय."

ते म्हणाले, "सांग, रूथला काय झालं तर दुकान बंद करून बसंन. मग लोकाच्या मोटारीत तार त्यानंच भरावी." मी तसाच निरोप दिला.

सलाईनची खोली

ऑपरेशन झालं, डावी बाजू गेली. त्याचं फार लिहीत नाही. भूल उतरल्यावर पहिल्यांदा मी हात वर उचलता येतो का ते पाहिलं, कारण मशीनवर कापड सरकवायला डावाच हात लागतो. उचलला. मग रडले.

जखम भरल्यावर केमो सुरू झाली. आमच्याकडं तिला कुणी केमो म्हणत नाही, सलाईन म्हणतात. लांबलचक खोली, ओळीनं खुर्च्या, प्रत्येकीच्या डोक्यावर एक बाटली. बायका एकमेकींना विचारतात, "तुमचं कितवं?" गरोदर बायका महिना विचारतात अगदी तसं. आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीची एक आजीबाई माझ्या शेजारी असायची. ती पदरात आवळकाठी बांधून आणायची आणि सगळ्या खोलीला वाटायची. "चघळा गं पोरीनो, वकारी थांबत्यात." थांबायच्या नाहीत, पण तोंडाला चव यायची. शीर सापडायची नाही तेव्हा एक सिस्टर हात चोळत गुणगुणायची. तिला विचारलं तर म्हणाली, गाण्याचं काही नाही, माझेच हात थरथरतात म्हणून गुणगुणते. मला ते आवडलं. त्या खोलीत सगळेच घाबरलेले होते, फक्त काहींच्या अंगावर पांढरे कपडे होते.

केस गेले तेव्हा मुलगी स्नेहल माझ्याकडं बघेना. बारावीला होती. पुस्तक तोंडापुढं धरून बसायची. एक दिवस मी चिडून म्हणाले, "मी भूत आहे का?" तर रडत म्हणाली, "तू आजीसारखी दिसतीस, आणि आजी मेली." मी तिच्याकडून डोक्याला खोबरेल लावून घेतलं. आधी दोन बोटांनी लावत होती, मग सगळ्या तळव्यानं. तेवढ्यानं आमच्या घरातला निम्मा गारठा गेला.

पुढं रेडिएशन लागणार होतं. त्याला लोक 'लाईट देणं' म्हणतात. मालक म्हणाले, "लाईट द्यायची तर सोलापुरातच देऊ, आपल्याकडं भारनियमन हाय." बऱ्याच दिवसांनी ते काहीतरी विनोदाचं बोलले होते, म्हणून मी जरुरीपेक्षा जास्त हसले.

एका शब्दाचा घोटाळा

आता तो शब्द.

आमच्या चर्चच्या पाळकांच्या पत्नी, त्यांना सगळे पाळकबाई म्हणतात, माझ्या आजारपणात आईसारख्या वागल्या. शुक्रवारी बायकांना जमवून माझ्यासाठी उपास-प्रार्थना करायच्या, डबा पाठवायच्या, आणि रोज फोन करायच्या. तिसरं सलाईन झालं होतं. तोंड फोडांनी भरलेलं, पायातलं बळ गेलेलं. फोन आला.

"कशी हायस गं रूथ?"

"बरी हाय," मी म्हणाले.

आपल्याकडं या उत्तराला काही अर्थ नसतो, हे मराठी माणसाला सांगायला नको. अंगात ताप असो, घरात भांडण असो, 'कशी आहेस'ला 'बरी आहे' हेच म्हणायचं. पण पाळकबाई त्या दिवशी उपासात होत्या, माझ्यासाठीच सकाळपासून गुडघ्यावर होत्या. त्यांच्या कानात तो शब्द वेगळाच पडला. रविवारच्या उपासनेत आमच्याकडं आधी विनंत्या सांगतात, मग उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार. इतके आठवडे माझं नाव विनंतीत होतं. त्या रविवारी पाळकबाई उपकारस्तुतीला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आपली रूथ बरी झाली!" टाळ्या झाल्या. बायका रडल्या. 'हाय'चं 'झाली' झालं.

मी घरी अंथरुणावर होते. दुपारी लोक अंडी आणि केळी घेऊन अभिनंदनाला आले तेव्हा मला कळलं. मी लगेच पाळकबाईंना फोन लावला. "अहो, बरी हाय म्हणाले होते, बरी झाले कुठं म्हणाले? अजून सलाईनं राहिलीत, लाईट राहिलीय."

त्या म्हणाल्या, "ठाऊक हाय गं. पण इश्वासानं बोलायचं आसतं. मिळायच्या आधी आभार मानायचे."

खोटं कशाला बोलू, ऐकून मला बळ आलं. मी बरी झालेली आहे असं चारशे... नाही, आमची मंडळी एवढी मोठी कुठली, पण खोलीभर माणसं तसं मानतायत, ही काही वाईट गोष्ट नव्हे. मी म्हटलं, असू दे.

महानंदाताईंची ओटी

तेरच्या महानंदाताई माझ्या जुन्या गिऱ्हाईक. लिंगायत, गावात त्यांच्या नवऱ्याचं किराणा दुकान आहे, त्यांना सगळे अप्पा म्हणतात. सणाच्या आधी बसनं यायच्या, चार ब्लाऊज टाकून जायच्या, आणि जाताना माझ्या शिलाईत एक तरी खोड काढायच्या. त्या दिवशी आल्या त्या हातात नारळ आणि खण घेऊन.

"रुतताई, पाटावर बसा. ओटी भरायची तुमची."

मी म्हणाले, "आमच्यात ओटी भरत नाहीत, तुम्हाला ठाऊक आहे. आणि झालंय काय?"

त्यांनी दार लोटून घेतलं आणि माझा हात आपल्या उजव्या बाजूला, लुगड्यावरून ठेवला. माझ्यापेक्षा मोठी गाठ होती.

"म्याबी सोलापूरला गेलते," त्या म्हणाल्या. "येक सलाईन घेतलं. केसं जायाला लागली. लई भ्या वाटलं. मंग शेजारची ती तुमच्यातली बाई म्हनली, धाराशिवची रुत बरी झाली प्रार्थनेनं, औषीद बी न्हाय घेतलं. म्हनलं, मग मी तरी कशाला? दुसरं घ्यायला गेलेच न्हाय. तुमच्या देवाचं काय आसंल ते मला सांगा, म्या करते."

तुम्ही आजारी असाल तर हे तुम्हाला कळेल. माझ्या गाठीला मी इतकी घाबरले नव्हते. मी बोलत बसले नाही. डोक्याचा रुमाल काढला आणि टक्कल पुढं केलं. हाताची शीर दाखवली, औषधानं काळी पडलेली. तोंड उघडून फोड दाखवले.

"हे बघा. चौथं सलाईन नुकतंच झालंय. अजून आहेत. प्रार्थना रोज करते आणि सलाईनही घेते. दोन्ही करते."

"मग बरी झाली म्हनले त्ये?"

"मी बरी हाय म्हणाले होते. लोकांनी बरी झाली ऐकलं."

"म्हंजी झाल्या न्हाईत?"

"अजून नाही. होईन. पण अशी नाही."

त्या कितीतरी वेळ माझ्या डोक्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं होतं त्यांना पटेल, हायसं वाटेल. तसं झालं नाही. त्यांचा चेहरा पडला, मग कडक झाला. "तुमी मला काय म्हनून सांगितलं हे?" एवढं म्हणाल्या, नारळ उचलला, खण तसाच राहिला, आणि निघून गेल्या. मी त्यांच्या हातातली काठी काढून घेतली होती आणि दुसरी दिली नव्हती. नंतर फोन लावला तर त्यांनी उचलला नाही. दवाखान्यात विचारलं, तर त्या आल्याच नव्हत्या. एकेक आठवडा जात होता, आणि गाठ काही आमच्या रुसव्याफुगव्यासाठी थांबणार नव्हती.

अर्धी साक्ष

मी पाळकबाईंकडं गेले. आधी ठरवलं होतं की चांगलंच ऐकवायचं. पण त्या दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि मला बघून इतक्या आनंदानं उठल्या की राग घशातच राहिला. सांगितलं सगळं. ताटातले तांदूळ तसेच राहिले.

"माझ्यामुळं?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यामुळं, माझ्यामुळं, तेरच्या त्या बाईमुळं. औषध घेतलं नाही, हे तिनं पदरचं घातलं."

त्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "म्या बोलले त्ये खोटं न्हवतं, रूथ. पण अर्धं व्हतं." आणि उठून चपला घातल्या. "चल तेरला."

"आज? माझ्या पायात बळ नाही."

"मग माझ्या पायानं चल."

बसमध्ये मला दोनदा पिशवी तोंडाशी धरावी लागली. पाळकबाई पाठीवर हात फिरवत होत्या आणि कंडक्टरला सांगत होत्या, खड्डे बघून चालवायला सांगा. उतरलो तेव्हा ऊन कडक झालं होतं. महानंदाताईंचं घर दुकानाच्या मागंच. अप्पा गल्ल्यावर बसले होते. कपाळावर भस्माचे पट्टे, चेहरा जागरणाचा. आम्हाला बघून उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "बगा तुमीच. माझं आयकत न्हाय ती. म्या रोज मठात जाऊन सांगतोय, हितं घरात सांगतोय."

महानंदाताई आत डाळ पाखडत होत्या. सूप थांबलं नाही. पाळकबाई त्यांच्यासमोर खाली बसल्या.

"बाई, त्या दिशी चर्चमधी म्याच बोलले व्हते. रूथ बरी झाली म्हनून. औषदाचं सांगायचं राहून गेलं."

सूप चालूच.

"आनि अजून येक सांगते," पाळकबाई म्हणाल्या. "मला शुगर हाय. रोज सकाळी पोटात सुई टोचून घेते आनि मग प्रार्थनेला बसते. सुई काय सैतानाची हाय का? सुई चुकली तर पाळकसाहेब वरडत्यात, प्रार्थना चुकली तर म्या वरडते."

सूप थांबलं. महानंदाताईंच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. मग त्या माझ्याकडं वळल्या आणि खरं काय ते बोलल्या. मरणाचं भय नव्हतं त्यांना, केसांचंही तेवढं नव्हतं. धाकटीचं लग्न ठरत होतं.

"येक बाजू गेल्यावर मांडवात कशी उभी ऱ्हाऊ मी? पदर कसा बसंल? लोक काय बघायचे ऱ्हात्यात का?"

हा प्रश्न डॉक्टरला कुणी विचारत नाही. मला विचारला, कारण मी ब्लाऊज शिवते. मी उठून आतलं दार लावलं आणि माझा ब्लाऊज उघडला. जखमेचा व्रण दाखवला, लांब आणि गुलाबी. मग आतून शिवलेली खिशासारखी पट्टी दाखवली आणि तिच्यातली गादी काढून त्यांच्या हातात दिली. मऊ सुती कापड, आत मोहरी. तान्ह्या बाळाच्या उशीत भरतात तीच. पहिल्यांदा कापूस भरला होता, पण तो हलका होता, त्या बाजूचा खांदा वर जायचा. मोहरीनं वजन सारखं झालं.

महानंदाताईंनी गादी तळहातावर तोलली. दाबून पाहिली. परत तोलली.

"वजन बी बराबर हाय की," त्या म्हणाल्या. मग माझ्या ब्लाऊजकडं निरखून बघितलं आणि त्यांचा जुना आवाज परत आला. "पर ह्या बाजूची शिवण जरा वर गेलीय बगा तुमची."

"घाईत शिवलाय," मी म्हणाले. "तुमचा नीट शिवीन. खण माझ्याकडंच आहे."

त्या हसल्या आणि मग पाळकबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून खूप रडल्या. अप्पा बाहेर गिऱ्हाइकाला साखर तोलून देत होते, त्यांना आत काय चाललंय हे कळत होतं, पण ते आले नाहीत. त्याच आठवड्यात त्या सोलापूरला गेल्या. डॉक्टरणीनं आधी रागावून घेतलं आणि मग पुन्हा सलाईन लावलं. माझी सलाईनं संपेपर्यंत आम्ही एकमेकींच्या शेजारच्या खुर्च्या धरायचो.

त्यानंतरच्या एका रविवारी मी चर्चमध्ये स्वतः उभी राहिले. रुमाल काढून उभी राहिले. म्हणाले, "मी अजून बरी झाले नाही. औषध घेतेय, प्रार्थना करतेय. माझं नाव पुन्हा विनंतीत घ्या." कुणी टाळी वाजवली नाही. पण उपासना संपल्यावर एक म्हातारी माझ्या कानाशी लागली आणि म्हणाली, तिच्याही पोटात दुखतं, लाजेनं सांगितलं नव्हतं. मी तिला सोमवारी दवाखान्यात नेलं. तिला अल्सर निघाला. मालक त्या दिवशी चर्चच्या फाटकाबाहेर मोटारसायकलवर बसून होते. आत आले नाहीत. पण माझा आवाज बाहेरपर्यंत जातो, हे त्यांना ठाऊक आहे.

तळहात

सलाईनांनी महानंदाताईंची गाठ पुष्कळ लहान झाली आणि ऑपरेशनचा दिवस आला. तोवर माझी लाईटही घेऊन झाली होती. मी पहाटेच्या बसनं सोलापूरला गेले. अप्पांना रक्ताची बाटली आणायला रक्तपेढीत धाडलं होतं, ते लवकर येण्याचं चिन्ह नव्हतं. सिस्टर आली आणि म्हणाली, अंगावरचं सगळं काढा. बांगड्या, मंगळसूत्र, जोडवी माझ्या पिशवीत आली. शेवटी गळ्यातली चांदीची डबी राहिली. तिच्यात त्यांचं इष्टलिंग होतं. लिंगायत माणूस ते लहानपणापासून अंगावर वागवतो, त्याची पूजा डाव्या तळहातावर घेऊन करतो आणि ते अंगावेगळं करत नाही. मी इतकी वर्षं त्यांची मापं घेतली, डबीला टेप लागू नये म्हणून त्या स्वतःच ती हातानं बाजूला धरायच्या.

"हे खाली ठिवायचं नसतं," त्या सिस्टरला म्हणाल्या. "पिशवीत बी न्हाय."

"अप्पांना येऊ द्या?" मी विचारलं. सिस्टरनं नाही म्हणून मान हलवली. आत सगळे थांबले होते.

महानंदाताईंनी माझ्याकडं बघितलं. "तुमी धरा."

"महानंदाताई, मी..."

"ठावं हाय मला तुमी कोन हाव. तुमी तुमच्या देवाला बोला. ह्यो ऐकंल." त्यांनी डबी माझ्या डाव्या तळहातावर ठेवली, माझी बोटं सरळ केली आणि ट्रॉलीवर आडव्या झाल्या. दार बंद झालं.

मी बाकावर बसले. ऑपरेशन झालं तेव्हापासून माझा डावा हात खाली लोंबला किंवा फार वेळ धरून ठेवला की सुजतो. हात बदलावा असं मनात आलं, पण त्यांनी डाव्यावर ठेवली होती, म्हणून बदलला नाही. प्रार्थना करायला डोळे मिटले आणि पुन्हा त्या पहिल्या संध्याकाळसारखी अडले. काय म्हणू? शेवटी म्हणाले, "प्रभू, माझ्या हातात काय आहे तुला दिसतंय. ज्या बाईचं आहे ती आत आहे. तिला सांभाळ." पुढं काही सुचलं नाही. तेच तेच म्हणत राहिले.

किती वेळ गेला कोण जाणे. चपलांचा ओळखीचा आवाज आला. पाळकबाई डबा घेऊन आल्या होत्या. गळ्यातले दोरे-ताईत सोडा असं बायकांना शिकवण्यात या बाईचा जन्म गेलेला. क्षणभर वाटलं, मूठ मिटावी, पदराआड करावी. नाही केली. त्या समोर येऊन उभ्या राहिल्या, डबीकडं पाहिलं. धाराशिव जिल्ह्यात जन्म काढलेल्या माणसाला ते काय आहे हे सांगावं लागत नाही.

"तिचं हाय," मी म्हणाले. "खाली ठेवायचं नसतं."

"म्हाईत हाय मला." त्यांनी माझ्या मनगटाकडं बघितलं. बोटं सुजून पिवळी पडली होती. "सकाळपासनं काही खाल्लं न्हाईस ना?"

"नाही."

पाळकबाईंनी डबा बाकावर ठेवला. कोपऱ्यातल्या नळावर जाऊन हात धुतले, पदरानं कोरडे केले, माझ्या शेजारी बसल्या आणि डावा तळहात पुढं केला.

"आन हिकडं. तू दोन घास खा."

मी डबी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलायला लागले. मी भाकरी मोडली. भाजी कसली होती ते मला आठवत नाही.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. अप्पा अजून रक्तपेढीतून आले नव्हते. सिस्टर म्हणाली, "गाठ सगळी निघाली. शुद्धीवर आल्यात, गळ्यातलं मागतायत. एकीनंच आत यायचं."

मी उठायला लागले, पण पाळकबाई आधीच उठल्या होत्या. पसरलेला तळहात छातीशी धरून, जपून पावलं टाकत त्या आत गेल्या.